लेकरं सांभाळणाऱ्या आक्काला हक्काचं घर: सोलापुरात आम्ही काय केलं, तुम्ही कसं करावं

अक्कलकोट रस्त्याच्या एका बोळात पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात सहा लेकरं आणि आक्का. तिचं उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप घेऊन बसली की हात तेंदूच्या पानावर आणि नजर पोरांच्या वह्यांवर. तिच्याकडची दोन मुलं माझ्या वर्गात होती, त्यामुळे आमची ओळख. नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला, पोटचं मूल नाही. सहापैकी तिघं तिच्या वारलेल्या बहिणीची नातवंडं. उरलेल्या तिघांचं तिच्याशी रक्ताचं नातं नव्हतं. एका मुलीची आई शेजारच्याच खोलीत आजारपणात गेली, आणि दोघा भावांचा बाप कामाला जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही.

एक दिवस घरमालकाने सांगितलं, "पुढच्या महिन्यात खोल्या मोकळ्या करा." आम्ही शाळेतल्या तीन शिक्षिका आणि गल्लीतले दोघं-तिघं मदतीला उभे राहिलो. पैसे जमायला लागले. आणि पहिल्या दोन महिन्यांत आम्ही जवळपास प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने केली. आधी घर शोधलं, मग पैसे दिले, मग कागद पाहिले, आणि मुलांच्या कायदेशीर स्थितीचा विचार तर सगळ्यात शेवटी केला. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई किंवा बाबा असतील आणि त्यांना डोक्यावर पक्कं छप्पर मिळवून द्यायचं असेल, तर आमच्यासारखी फरफट होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. पण प्रत्येक पायरी आम्ही स्वतः चढलो आहोत.

१. आधी मुलांचे कागद, मग घर

हे वाचून मन खट्टू होईल, तरी सांगते. आपल्याकडे रक्ताचं नातं नसलेली अनाथ मुलं कोणीही, कितीही मायेने, परस्पर घरात ठेवून घेऊ शकत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार आधाराविना सापडलेल्या मुलाची माहिती चोवीस तासांच्या आत १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समिती यांच्यापैकी कोणाला तरी द्यावी लागते. मूल कुठे राहील हे समिती ठरवते. नोंदणी न करता मुलांसाठी संस्था चालवली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे तुम्ही लाखो रुपये गोळा करून चार खोल्यांचं घर घेतलंत, दारावर आश्रमाची पाटी लावलीत, आणि मुलांची नोंद कुठेच नसली, तर एका तक्रारीवर घर राहील पण मुलं जातील.

आक्काला हे सांगणं मला फार जड गेलं. ती म्हणाली, "बाई, मी चोरून आणली नाहीत पोरं. गल्ली बघते." खरंच होतं ते. पण गल्लीची साक्ष समितीपुढे पोचवावी लागते. आम्ही एका वकिलांच्या मदतीने सगळी हकीकत लिहून काढली: कोण मूल कधीपासून आहे, आई-बाप कोण, शाळेत नाव कधी घातलं. तो अर्ज घेऊन आम्ही स्वतःहून गेलो. कोणी तक्रार करून बोलावण्याआधी स्वतः जाणं फार महत्त्वाचं आहे.

पुढे जे झालं तेही सांगते, कारण त्याची मनाची तयारी हवी. चौकशी पुरी होईपर्यंत त्या तिघांना नोंदणीकृत बालगृहात ठेवलं. आक्का दर भेटीच्या दिवशी न चुकता गेली. चौकशीत मुलीचे सख्खे मामा सापडले आणि ती त्यांच्याकडे गेली. दोघं भाऊ काही महिन्यांनी संगोपनासाठी (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता सांभाळणं) रीतसर आदेशाने आक्काकडे परत आले. ते महिने आम्हा सगळ्यांना खूप लांब वाटले. पण आज तिच्या हातात आदेश आहे, आणि मुलांना कोणी उचलून नेईल ही भीती तिच्या डोळ्यांतून गेली आहे.

एक सापळा इथेच: "मला मूल नाही, एक द्या ना, मी सांभाळीन" असं म्हणत कोणीतरी येतंच. चांगली माणसंही येतात. तरी परस्पर मूल देऊ नका. दत्तकाची ठरलेली प्रक्रिया टाळून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यांना रीतसर दत्तक नोंदणीचा रस्ता दाखवा.

२. तुमची वाट कोणती ते ठरवा

तीन वाटा आहेत आणि घर कसं हवं ते यावरच ठरतं.

मुलं नात्यातली असतील (आजी, मावशी, काका सांभाळत असतील) तर साधं राहतं घर पुरतं. अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे, त्यात दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा. आक्काच्या बहिणीच्या तीन नातवंडांना ही मदत कित्येक वर्षं मिळू शकली असती. कोणी सांगितलंच नव्हतं.

मुलं नात्यातली नसतील, पण मोजकी असतील, तर समितीच्या आदेशाने संगोपन कुटुंब म्हणून सांभाळता येतं. यातही राहतं घर चालतं, पण घराची पाहणी होते.

मुलं जास्त असतील आणि पुढे वाढणार असतील, तर नोंदणीकृत संस्थाच हवी. इथे नुसतं प्रेम आणि चार भिंती भागवत नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत पन्नास मुलांच्या संस्थेसाठी पंचवीस-पंचवीस मुलांची दोन शयनगृहं, प्रत्येकी १,००० चौरस फुटांची, सांगितली आहेत. म्हणजे नुसतं झोपायला मुलामागे ४० चौरस फूट. शिवाय जेवणघर, आजाऱ्यांची खोली, अभ्यासाच्या खोल्या, दहा मुलांमागे एक न्हाणीघर, सात मुलांमागे एक संडास. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत, ते जिल्हा कार्यालयातून समजून घ्या आणि मगच जागा बघा. नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, प्रार्थना समाजाने १८७५ साली टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम सुरू केला. एवढं जुनं काम या मातीत आहे. नवीन संस्था काढायचा ध्यास घेण्याआधी, आसपास चालू असलेल्या संस्थेत तुमच्या माउलीला जागा आणि मान मिळतो का, हे जरूर बघा. आम्ही संस्था काढली नाही. पाच मुलांसाठी ती गरजच नव्हती.

३. ही फाइल तयार ठेवा

आक्काचे कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. डबा उघडला की आधी तंबाखूचा वास, मग रेशनकार्ड, मग कोणाचा तरी लसीचा कार्ड. आम्ही प्रत्येक मुलाची वेगळी प्लास्टिकची फाइल केली.

मुलांसाठी:
- जन्म दाखला
- आई-वडिलांचे मृत्यू दाखले (एकच पालक गेला असेल तर त्याचा)
- आधार कार्ड, शाळेचा बोनाफाइड, लसीकरणाचा कार्ड
- नातं दाखवणारं काहीही: जुनं रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद

सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी:
- आधार, पॅन, रेशनकार्ड, बँक पासबुक
- नवरा वारला असेल तर त्याचा मृत्यू दाखला
- उत्पन्नाचा दाखला, विडी कामगार असल्यास ओळखपत्र
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी

जन्मदाखल्यावर सगळ्यांत जास्त वेळ जातो. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. हे काम पहिल्या आठवड्यातच हाती घ्या. आणि दोन्ही पालक नसलेल्या मुलांचं अनाथ प्रमाणपत्रही मागून घ्या, कारण राज्याने २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवलं आहे. आज सहावीत असलेल्या मुलाला त्याचा उपयोग पुढे होईल.

४. तातडीचा निवारा: भाड्याचं घर, पण नोंदणीकृत करार

घाईत घर विकत घेऊ नका. आधी भाड्याने जा आणि श्वास घ्या.

आक्का आधीच्या खोल्यांत नऊ वर्षं राहत होती, कागद एकही नव्हता. म्हणून एका महिन्यात निघायची पाळी आली. महाराष्ट्रात भाडेकरार (लिव्ह अँड लायसन्स) लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. बरेच मालक "कशाला खर्च" म्हणतात. खर्च किती ते त्यांच्यापुढे मांडा. आम्ही ७,००० भाडं आणि ३०,००० डिपॉझिटवर ३६ महिन्यांचा करार केला. एकूण भाडं २,५२,०००. डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं मानीव (शुल्कासाठी धरलं जाणारं) व्याज ९,०००. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण साडेसहाशे रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. तो खर्च आम्हीच उचलला आणि मालक तयार झाले.

करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: घरात किती मुलं राहणार, आणि घर रिकामं करायला लावायचं असेल तर किमान तीन महिन्यांची सूचना. मुलांचा आकडा लपवून घर घेऊ नका. आठ दिवसांत कळतंच, आणि मग बोलणी आक्काला बसतात. आम्हाला सहा-सात ठिकाणी नकार आला. जिथे होकार आला, तिथे मालकीणबाईंना आम्ही पहिल्याच दिवशी मुलांसकट भेटायला नेलं होतं.

५. घर बघताना सोलापूरचं ऊन आणि पाणी लक्षात ठेवा

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं हे धरूनच चला. पाच मुलं आणि एक बाई यांना जमिनीतली टाकी, वरची टाकी आणि शक्यतो बोअर, एवढं हवंच. टाकीला कुलूप लागेल असं घट्ट झाकण आहे का, ते स्वतः हाताने उघडून बघा. लहान मूल असलेल्या घरात उघडी टाकी म्हणजे जिवाशी खेळ.

घर एप्रिल-मे महिन्यात, दुपारी दोन वाजता बघा. पारा त्रेचाळीसच्या आसपास असताना पत्र्याखाली मूल झोपू शकत नाही. स्लॅब हवा, नाहीतर पत्र्याखाली छत घालायचा खर्च आधीच धरा.

सोलापूरच्या पूर्व भागात घर स्वस्त मिळतं ते कधीकधी खाली यंत्रमाग असल्यामुळे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या माणसांसह आठ जणांचा जीव गेला. कारखान्याच्या वर किंवा आत, सूत साठवलेल्या जागेशेजारी मुलं ठेवू नका. भाडं निम्मं असलं तरी नको. घराला बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत का आणि खिडकीचे गज आतून उघडतात का, हे तपासा.

नाल्याकाठची, सखल भागातली जागा पावसाळ्यात जाऊन बघा, शेजाऱ्यांना विचारा. शाळेच्या वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हेही चालत जाऊन पाहा.

६. विकत घेताना: आमचे पन्नास हजार कसे गेले

हे लिहिताना अजून त्रास होतो. लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे होते.

शहराबाहेर एक गुंठ्याचा प्लॉट, त्यावर दोन खोल्या, किंमत परवडणारी. मधल्या माणसाने सांगितलं, "इथे सगळे नोटरीवरच घेतात." आम्ही ५०,००० इसार दिला, स्टॅम्पवर नोटरी केली. नंतर उतारा काढला तेव्हा कळलं की जमीन शेतीचीच आहे, सात-बारावर चार भावांची नावं आहेत, आणि आम्हाला विकणारा त्यातला एकही नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हा हे पाठ करा: स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. नोटरी, साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार), कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याला दिलेला व्यवहाराचा अधिकार) यांनी घर तुमचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कुलमुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल हे स्पष्ट सांगितलं आहे.

एक रुपयाही देण्याआधी हे बघा:
- सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा, आजच्या तारखेचा. सात-बारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो.
- जुने फेरफार: मालकाकडे जमीन कशी आली, बहिणींनी हक्क सोडला आहे का.
- बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउट. नसेल तर गुंठेवारीत (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटसाठीच्या कायद्याखाली) नियमित झाल्याचा दाखला. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाव दिला. "होऊन जाईल" हे उत्तर चालत नाही, दाखला हातात हवा.
- उताऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (सरकारी अटींवर दिलेली जमीन), इनाम, देवस्थान किंवा वक्फ असा शेरा. असेल तर वकिलांशिवाय पाऊल टाकू नका.
- तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदलेल्या व्यवहारांची तपासणी), वकिलांच्या सहीचा.
- बांधकाम परवाना, घरपट्टी आणि पाणीपट्टीची बाकी.

घरकुल योजनेतल्या घरांबद्दल एक शब्द. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये ३०,००० घरांचा प्रकल्प आहे आणि त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. तुमच्या माउलीचं नाव अशा योजनेत बसत असेल, तर जरूर अर्ज करा, ते हक्काचं घर आहे. पण दुसऱ्याला मिळालेलं घरकुल नोटरीवर विकत घेऊ नका. त्याच्या हस्तांतरणावर अटी असतात.

७. घर कोणाच्या नावावर? इथे सगळ्यांत जास्त वेळ घ्या

देणगीदारांचं म्हणणं, घर संस्थेच्या नावावर असावं. आक्काचं म्हणणं, "उद्या संस्थेचे लोक बदलले तर मला काढतील." दोघांचंही बरोबर होतं.

घर संस्थेचं असेल तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी, आणि सांभाळणाऱ्या बाईला हयातभर तिथे राहण्याचा हक्क लेखी, ठरावासकट हवा. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. तो देताहेत का, याकडे तुमचं लक्ष असू द्या. संस्थेच्या मिळकतीला एक संरक्षण आहे: धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही.

आम्ही शेवटी घर आक्काच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तीही मिळाली. पण खरेदीखताच्या दिवशी आमच्या वकिलांनी एक प्रश्न विचारला आणि आम्ही सगळे गप्प झालो: "उद्या आक्का गेल्या तर घर कोणाचं?"

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे पंधरा वर्षांत एकदाही उंबऱ्यावर न आलेले दीर किंवा पुतणे घराचे मालक झाले असते. संगोपनाच्या मुलांना वारसाहक्क नाहीच. नवऱ्याचे असे वारस पुढे असताना बहिणीच्या नातवंडांनाही काही नाही. लोकांनी मुलांसाठी दिलेल्या पैशांचं घर मुलांनाच बाहेर काढणारं ठरलं असतं.

म्हणून खरेदीखत झालं त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी कराच. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही किंवा अंगठा हवा. ज्यांना घर मिळणार त्यांना साक्षीदार करू नका. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा, की बाई पूर्ण भानावर आहेत. आमच्या मृत्युपत्रात एक व्यवस्थापक नेमला आहे, आणि सगळ्यांत धाकटं मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत घर विकायचं नाही, असं लिहिलं आहे. मजकूर आक्काला समजेल अशा भाषेत दोनदा वाचून दाखवला. ती घरात तेलुगू बोलते, म्हणून शेजारच्या काकांनी तेलुगूतही समजावला, आणि तसं त्यात नमूदही केलं.

८. पैसे गोळा करताना

व्यक्तीच्या खासगी खात्यात सार्वजनिक वर्गणी जमवू नका. चालू असलेल्या, नोंदणीकृत, देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असलेल्या संस्थेमार्फत घ्या, पावती द्या. मात्र पैसे देण्याआधीच त्या संस्थेशी लेखी ठरवा की घर कोणाच्या नावावर होणार, आणि असा खर्च त्यांच्या उद्दिष्टांत बसतो का. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, त्यामुळे बँकेतूनच मागा. खर्चाचा हिशेब दर महिन्याला देणगीदारांना पाठवा. पन्नास हजार बुडाले तेव्हा आम्ही ते त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं. एकानेही हात आखडता घेतला नाही.

मुलांचे फोटो टाकून मदत मागू नका. समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आम्ही फक्त रिकाम्या घराचा फोटो आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी पाठवली. दोन गाद्या, कुकर, एक टेबलफॅन, आणि चादरी तर एका यंत्रमागवाल्या काकांनी गठ्ठ्यानेच दिल्या.

९. राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात

घरपट्टीवर नाव लावा, वीजमीटर नावावर करा, पाणीपट्टीचं नाव बदला. आधार, रेशनकार्ड आणि शाळेतला पत्ता बदला. बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. न कळवता मुलांसकट जागा बदलली तर उगाच संशय येतो.

मूळ खरेदीखत आणि मृत्युपत्र घरात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. झेरॉक्सचे तीन संच करा: एक व्यवस्थापकाकडे, एक वकिलांकडे, एक घरात. घरातला संच आक्काने त्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवला आहे. डबा आता देवळीत असतो, आणि तो कुठे आहे हे पाचही पोरांना ठाऊक आहे.